विजेची विद्या आणि आपली गादी

‘मुलगा इंजिनिअर झाला म्हणजे दुकान सुटले’ असा समज आमच्या व्यापारी कुटुंबांत दृढ झाला आहे. विद्युत अभियांत्रिकीपुरता तरी तो बालाघाटात टिकण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

येथील राइस मिलचेच पाहा. मिलच्या मोटारी प्रत्यक्ष कामास लागणाऱ्या विजेखेरीज चुंबकत्वासाठी जादा प्रवाह ओढतात. त्यामुळे ‘पॉवर फॅक्टर’ ठरावीक मर्यादेखाली उतरला की बिलावर अधिभार चढतो. योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसविल्यास तो टळतो. आम्ही पै-पैचा हिशेब ठेवणारे खरे. परंतु बिलातील ही ओळ न वाचताच वर्षानुवर्षे पैसे भरीत आलो, हे कबूल केले पाहिजे.

भरवेलीच्या मँगनीज खाणीत खनिज वर आणणारी यंत्रे, पाणी उपसणारे पंप, हवा खेळविणारे पंखे, सारे विजेवर चालते. मँगनीजपासून फेरोमँगनीज करणारी भट्टीही विजेचीच. मलाजखंडचे तांबे तर या विद्येचा प्राणच होय. जबलपूरला राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्यालये आहेत आणि शेजारच्या सिवनी जिल्ह्यात ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे. नोकरीसाठी परदेशाकडेच डोळे लावण्याचे कारण नाही.

शिक्षणाचा जुना मार्ग जबलपूरचा. तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० चे. ते आता राष्ट्रीय संस्था आहे. मात्र एक गोष्ट पालकांच्या ध्यानी येत नाही. अशा संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आपल्यापासून वेगळे झाले. म्हणून बोली नागपूरची असली तरी आपल्या मुलांचा तो हक्क भोपाळच्या संस्थेत आहे, नागपूरच्या नव्हे. अर्ज भरताना हे विसरू नये. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर अनेक सरकारी कंपन्या उमेदवार निवडतात. पदविका घेऊन, पुढे परवाना मिळवून, स्वतंत्र कंत्राटदारीही करता येते. ती तर व्यापारच झाली.

गणिताची गोडी नसलेल्या मुलास मात्र या वाटेला बळेच लावू नये. आणि ‘मुलास’ असे आम्ही सवयीने लिहितो, इतकेच. यंदाच्या सुटीत मिलच्या बारा महिन्यांच्या बिलांची फाइल आमच्या घरी नातीने मागून घेतली. तिने पहिल्याच संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.