लेखांक ७ : हेलसिंकीहून टोकियोला, पण कुठून?

गेल्या आठवड्यात आपण पृथ्वीगोलावर दोरा ताणला होता. आता त्याचं एक टोक हेलसिंकीवर आणि दुसरं टोकियोवर धरा. अंतर भरतं सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी नऊशेच्या हिशेबाने, चढणं-उतरणं धरून, साडेनऊ तास. फेब्रुवारी २०२२पर्यंत विमानाला खरोखर तेवढाच वेळ लागायचा. त्यानंतर मात्र तेराच्या आसपास तास लागू लागले, आणि शहरं तर जागची हललेली नाहीत.

दोऱ्याखाली काय आहे ते बघा. फिनलंडची हद्द सुटली की जपानच्या समुद्रापर्यंत जवळजवळ सगळा रशियाच. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियानेही उलट तेच केलं. आशियाची जवळची वाट आमच्याकडून जाते, या एका गोष्टीवर फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने धंदा उभा केला होता. ती वाटच मिटली.

उरल्या दोन आडवाटा. एक स्वालबार्ड बेटांवरून उत्तर ध्रुव ओलांडून अलास्काकडे उतरते आणि मग पॅसिफिकवरून जपान गाठते. दुसरी तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, मध्य आशिया, चीन अशी खालून वळसा घेते. कोणती घ्यायची, हे बरंचसं वारा ठरवतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोत हिवाळ्यात जपानच्या आसपास ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. टोकियोला जाताना तो पाठीशी असतो, म्हणून खालची वाट परवडते. परतताना तोच छातीवर येतो. तेव्हा ध्रुवाकडून निसटलेलं बरं. ध्रुवावर दुसरीच काळजी असते. विमानाचं इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि बाहेरची हवा त्याहूनही थंड असू शकते. त्यामुळे वैमानिकाची एक नजर टाकीतल्या तापमानावर असते. इंधन फारच गार झालं, तर थोडं खाली उतरून उबदार हवा शोधावी लागते.

तिकिटावरच्या वेळांवरून यातलं काही कळत नाही. त्या दोन्ही आपापल्या गावच्या घड्याळातल्या. हिवाळ्यात टोकियो सात तास पुढे. संध्याकाळी पाचला निघून तेरा तास उडालात, तर उतरताना दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजलेला असतो. वीस तास प्रवास झाला असं वाटून चरफडणारे असतातच.

गंमत म्हणजे ध्रुवाची वाट फिनएअरला नवी नव्हती. सोव्हिएत काळातही सैबेरियावरचं आकाश असंच अवघड होतं. युरोपातली विमानं जपानला जाताना अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबत. १९८३ साली फिनएअरने डीसी-१० विमान न थांबता ध्रुवावरून थेट टोकियोला नेलं. तेव्हाही तेराच्या आसपास तास लागले. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र त्या काळी प्रवाशांच्या हाती पडायचं. २०२२ मध्ये कंपनीने ते पुन्हा वाटायला घेतलं.