गाड्या नसलेली ग्रॅव्हल वाट: ॲपला ती कळते कशी?

कोमूट किंवा राइड विथ जीपीएससारखं ॲप उघडा, सायकलचा प्रकार 'ग्रॅव्हल' निवडा आणि दोन ठिकाणं टाका. दोन-तीन सेकंदांत रेघ तयार होते. जंगलातून, माळावरून, दलदलीच्या कडेने जाणारी, मोठा रस्ता टाळणारी. पण ॲपने ती वाट कधी पाहिलेली नाही. मग तिथे गाड्या नाहीत, खाली खडी आहे आणि सायकल न्यायला परवानगी आहे, हे त्याला सांगितलं कोणी?

बहुतेक वेळा कुणीतरी माणसाने. ही ॲप्स ज्या नकाशावर चालतात तो ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला. विकिपीडियासारखाच, कुणीही भर घालावी असा. त्यात प्रत्येक वाट म्हणजे एक रेघ आणि तिला चिकटवलेले टॅग. वाटेचा प्रकार काय, पृष्ठभाग कसला, सायकल चालते का, मोटारींना बंदी आहे का. (गंमत म्हणजे वाटेच्या प्रकाराच्या टॅगचं नाव 'हायवे' आहे, मग ती पायवाट का असेना.) ॲपला जंगल दिसत नाही, फक्त हे टॅग दिसतात.

एक खरी जागा घेऊ, म्हणजे नीट कळेल. दक्षिण इंग्लंडमधलं न्यू फॉरेस्ट. नाव 'न्यू', पण राजा विल्यमने शिकारीसाठी ते राखून ठेवलं अकराव्या शतकात. २००५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. ओक-बीचची झाडी, मग मैलोन्मैल 'हीथ', म्हणजे नापीक, आम्लयुक्त मातीवरचा झुडपांचा माळ, जो ऑगस्टमध्ये जांभळा होतो, आणि सखल भागात दलदल. घोडे, गाई, गाढवं मोकळी फिरतात. ग्रॅव्हल बाइकवाल्यांना आणखी काय हवं? (ग्रॅव्हल बाइक म्हणजे रोड बाइकसारखं वाकडं हँडल, पण साधारण ३५ ते ५० मिमी रुंद टायर आणि चढासाठी हलके गिअर.)

तिथे शंभर मैलांहून जास्त, म्हणजे १६० किमीच्या वर खडीच्या सायकलवाटा आहेत. बऱ्याचशा मुळात लाकूड वाहणाऱ्या ट्रकसाठी बांधलेल्या, म्हणून पाया पक्का. वन खात्याची गाडी सोडली तर मोटारींना बंदी. ब्रॉकनहर्स्ट गावापासून बर्लीच्या दिशेने जाणारी एक वाट तर १८४७ च्या रेल्वेमार्गावरून जाते. रूळ १९६४ मध्ये बंद झाले, सपाट मार्ग राहिला.

आता ॲप रूट कसा काढतं ते बघू. नकाशा म्हणजे एक ग्राफ. चौक हे बिंदू, मधल्या वाटा ही जोडणी. प्रत्येक वाटेची 'किंमत' काढायची: लांबी गुणिले एक आकडा, जो टॅगवरून ठरतो. समजा खडीच्या बिनगाड्यांच्या वाटेला १.१ आणि वर्दळीच्या मोठ्या रस्त्याला ६. मग मोठ्या रस्त्याचा १ किमी पडतो ६००० ला आणि ५ किमी लांबची खडीवाट पडते ५५०० ला. ॲप वळसा घेतं. सगळ्यात स्वस्त मार्ग शोधायचं काम डाइक्स्ट्राचा १९५९ सालचा अल्गोरिदम किंवा त्याची सुधारलेली भावंडं करतात. कॉलेजात शिकवतात तोच. आकडे इथे मी उदाहरणासाठी घेतलेत, प्रत्येक ॲपचे वेगळे असतात. बीराउटर नावाच्या मोफत राउटरमध्ये मात्र हे आकडे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, उघडून वाचता येतात, बदलताही येतात.

गणितात गडबड क्वचितच असते, ती असते टॅगमध्ये.

पहिली गडबड 'ग्रॅव्हल' या शब्दातच. ओपनस्ट्रीटमॅपच्या व्याख्येप्रमाणे 'ग्रॅव्हल' म्हणजे टोकदार फोडलेली खडी, रेल्वे रुळांखाली असते तशी. सायकलवाल्यांना आवडते ती दाबून बसवलेली वाट, तिचा टॅग 'कॉम्पॅक्टेड' किंवा 'फाइन ग्रॅव्हल'. पण माणसं आपल्या भाषेप्रमाणे टाइप करतात, त्यामुळे एकाच टॅगखाली दोन्ही सापडतं. म्हणून मी 'ट्रॅकटाइप' बघायला सांगेन. ग्रेड १ म्हणजे जवळजवळ पक्का रस्ता, ग्रेड २ बहुतांश खडीचा, ग्रेड ५ म्हणजे नुसती मऊ माती किंवा गवत. दलदलीजवळ ग्रेड ४ किंवा ५ दिसलं तर उन्हाळ्यात जमेल, जानेवारीत चाक रुतेल. टॅग पावसाप्रमाणे बदलत नाही.

दुसरी गडबड जास्त महत्त्वाची: परवानगी. इंग्लंडमध्ये 'फूटपाथ' म्हणजे पायी चालायचा हक्क, सायकलचा नाही. 'ब्राइडलवे', म्हणजे घोडवाट, तिच्यावर सायकलला हक्क मिळाला १९६८ च्या कायद्याने. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यामुळे जबाबदारीने सायकल जवळपास कुठेही नेता येते. म्हणजे नकाशावर सारखीच दिसणारी वाट सीमेच्या एका बाजूला चालते, दुसऱ्या बाजूला नाही. आणि सायकलचा टॅगच नसेल तर ॲप अंदाज बांधतं. न्यू फॉरेस्टच्या वनजमिनीवर नियम याहून कडक आहे: खुणा केलेल्या सायकलवाटांवरच चालवायची. शेजारची सुंदर पायवाट मोकळी दिसली तरी नाही. कारणही आहे. हीथवर नाइटजार, लॅपविंगसारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात. चाकाखाली अंडी गेली तर ते कोणाला कळणारही नाही.

याच भागाच्या दक्षिणेला, किहेवन आणि लिमिंग्टनमध्ये, खाऱ्या दलदलीला लागून समुद्राचा बांध आहे. त्यावरची वाट चालणाऱ्यांची. थोडं आत, तिच्या मागून एक जुनी कच्ची वाट जाते, तिथे सायकल चालते. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही अगदी जवळजवळ दिसतात.

स्ट्रावाचा हीटमॅप इथे फसवू शकतो. लोक कुठून गेले एवढंच तो दाखवतो. त्यात नियम मोडून गेलेले आले, चालत जाऊन ॲक्टिव्हिटी चुकून सायकल म्हणून टाकलेलेही आले.

मग निघायच्या आधी काय करायचं? रूट आखला की त्यातले अनोळखी, कमी वापरातले तुकडे निवडा. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर प्रश्नचिन्हाचं बटण दाबून त्या वाटेवर टॅप केलं की तिचे सगळे टॅग दिसतात. 'बायसिकल' टॅग 'नो' असेल तर विषय संपला. टॅगच नसेल तर उद्यानाचा अधिकृत सायकल नकाशा बघा. झाडतोडीसाठी वाट काही दिवस बंद असते तेव्हा बहुतेक ॲपना पत्ताच नसतो, तेही अधिकृत पानावर कळतं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि दाट झाडीत जीपीएसचा निळा ठिपका काही मीटर सरकतो, तेव्हा फाट्यावर स्क्रीनपेक्षा लाकडी खांबावरची खूण बघा. न्यू फॉरेस्टमध्ये सायकलवाटांच्या फाट्यांवर नंबर लावलेले खांब आहेत.

टॅग तुम्हीही भरू शकता. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. तुम्ही जिथे उभे आहात तिथलीच साधी प्रश्नावली विचारतं: हा रस्ता कशाचा आहे, खडी की माती? उत्तर थेट नकाशात जातं. तुमच्या गावामागची बैलगाडीची वाट नकाशावर नुसती रेघ असेल, तर पहिलं उत्तर तुमचंच असू शकतं. फक्त वर सांगितलेलं लक्षात ठेवा: 'ग्रॅव्हल' निवडण्याआधी खडी बघा, रुळांखालची आहे की दाबून बसवलेली.