अभ्यासाचे वळण

चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. परीक्षा संपली; संस्कृत मात्र सुटले नाही. दिल्लीतील अर्थमंत्रिपद त्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर सोडले आणि १९५७ साली गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफणारी त्यांची ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ प्रसिद्ध झाली. विद्या आणि शील यांची खरी कसोटी अशी परीक्षेनंतर लागते.

हे वळण लहानपणीच लावावे लागते. मुलाला रोज ठरलेल्या वेळी अभ्यासास बसवावे. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून आठवेल तेवढे त्याला लिहू द्यावे आणि पुस्तकाशी ताडून आपली चूक त्यालाच शोधू द्यावी. चूक प्रामाणिकपणे मान्य करण्याचा पहिला धडा त्याला त्या वहीतच मिळतो.