केबलवरची जाळी कशी निवडाल?



मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या गटाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. तालुक्याच्या एका मंडपवाल्याला माइकच्या २० केबल हव्या होत्या. "जाळीवाल्या करा, कंपनीच्या मालासारख्या दिसायला पाहिजेत," असं त्याचं म्हणणं. केबल झाल्याही झकास. पण पंधरा दिवसांत ६ परत आल्या. चार केबलींची जाळी पिनेपाशी सरकून मागे गेली होती आणि टोकाच्या झिपऱ्या सुटल्या होत्या. दोन केबली आतून तुटल्या होत्या, पण वरून जाळी असल्यामुळे कुठे तुटल्या तेच दिसेना. माल गटाच्या कर्जातून आणलेला. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. त्या ६ केबलींनी जे शिकवलं, ते इथे लिहीत आहे. केबलचं काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या गटांना उपयोग होईल.

आधी एक गैरसमज काढू

केबलमध्ये दोन जाळ्या असतात. एक आत, तांब्याच्या बारीक तारांची. बाहेरची घरघर, गुणगुण आवाजात शिरू नये म्हणून ती असते. तिला शील्ड म्हणतात. दुसरी आपण वरून चढवतो ती, धाग्याची विणलेली स्लीव्ह. ही स्लीव्ह केबलला घासण्यापासून वाचवते, दोन-तीन तारा एकत्र धरते आणि दिसायला छान दिसते. आवाज मात्र तिने तसूभरही सुधारत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर हेच खरं सांगा. खोटं सांगून एकदा जास्त पैसे मिळतील, पण दुसऱ्यांदा तो येणार नाही.

आणखी एक. स्लीव्हला भोकं असतात. पाणी आत जातं, विजेचा झटका अडत नाही. म्हणून घरच्या २३० व्होल्टच्या चिरलेल्या वायरवर स्लीव्ह चढवून ती "दुरुस्त" करायची नाही. ती वायर बदलायचीच.

धागा ओळखा

बाजारात तीन प्रकार जास्त दिसतात.

पॉलिस्टर: थोडी कडक, गुळगुळीत, चांगली फुगणारी. घासली तरी लवकर झिजत नाही. केबलवर सहज चढते. आपल्या कामाला बहुतेक वेळा हीच बरी.

नायलॉन: बारीक धाग्यांची, मऊ, दाट. हाताला छान लागते, आतली केबल कमी दिसते. पण दाट असल्यामुळे कमी फुगते, म्हणून माप अचूक लागतं.

सुती: जुन्या पद्धतीच्या गिटारच्या केबलला शोभून दिसते. पण पाणी पिते, धूळ धरते. मंडपाच्या चिखलात तिचं काही खरं नाही.

दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. साडीचा धागा जाळून बघतो तसंच करा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख होते. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कडक गोळी बनते. याच कारणाने या दोघींची टोकं गरम पात्याने कापून बंद करता येतात. सुती टोक तसं बंद होत नाही, ते चिकटवावं किंवा बांधावं लागतं. गरम पात्याने कापताना खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका.

धातूची जाळी चकचकीत दिसते, पण तिची एखादी तार पिनेत शिरली तर शॉर्ट होईल. ती वरून चढवायला नकोच.

माप दोऱ्याने घ्या

व्हर्नियर नसलं तरी चालेल. बारीक शिलाईचा दोरा केबलवर शेजारी-शेजारी १० फेरे गुंडाळा. दोरा सोडून मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३१.४ ने भागा. दोरा १९० मिमी भरला, तर केबलची जाडी साधारण ६ मिमी.

स्लीव्हवर लिहिलेला आकार ती सैल पडलेली असतानाचा असतो. ढकलली की ती फुगते, ओढली की आवळते, लसणाच्या पिशवीच्या जाळीसारखी. म्हणून ६ मिमीच्या केबलला साधारण ६ मिमीची स्लीव्ह बघा. फार मोठी घेतली तर ढिली पडून सरकते, आमची तीच चूक झाली होती. फार फुगवावी लागली तर भोकं मोठी होऊन खालची केबल दिसते.

पिनेचाही विचार करा. माइकच्या तीन पिनांच्या बऱ्याच कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने ८ मिमीपर्यंतची केबल बसते. स्लीव्हने जाडी अंदाजे १ मिमी वाढते, वर हीट श्रिंक ट्यूबची भर पडते. आधी एका कनेक्टरवर बसवून बघा, मगच रोल घ्या.

चढवताना

परकरात नाडी ओवतो तशी स्लीव्ह थोडी थोडी पुढे सरकवा. ओढू नका, मागून ढकला. क्रम विसरू नका: एक टोक जोडून झाल्यावर दुसरं टोक जोडण्याआधी स्लीव्ह, हीट श्रिंकचे दोन तुकडे आणि दुसऱ्या कनेक्टरची टोपी केबलवर आधीच ओवलेली हवी. विसरलात तर केलेला डाग उकलावा लागतो. डाग देताना स्लीव्ह लांब सरकवून ठेवा. सोल्डरिंगचं टोक तिला सहज वितळवतं.

शेवटी स्लीव्हचं टोक कनेक्टरच्या पकडीत घ्या, म्हणजे ती सरकत नाही. त्यावर हीट श्रिंक बसवा. हीट गन एका जागी धरू नका, फिरवत राहा.

तपासणी दोनदा करा, स्लीव्ह चढवण्याआधी आणि सगळं झाल्यावर. मल्टिमीटरने १ ला १, २ ला २, ३ ला ३ लागतं का ते बघा, एकमेकांना तर लागत नाहीत ना तेही. १ नंबर शील्डचा, २ आणि ३ आवाजाचे. दुसऱ्या वेळी केबल टोकाशी हलवत तपासा, कच्चा डाग तिथेच उघडा पडतो.

सगळीकडे जाळी नको

हा आमचा सगळ्यात महागडा धडा. १० मीटरची मंडपातली केबल रोज चिखलातून जाते, रोज गुंडाळली जाते. तिला पूर्ण जाळी चढवली तर चिखल जाळीत बसतो, पुसता येत नाही, केबल ताठ होते आणि कुठे चिरली ते दिसत नाही. अशा केबलला दोन्ही टोकांशी १५-२० सेंटिमीटर जाळी पुरे. ओळख म्हणून रंग वेगवेगळे ठेवले तर मंडपवाल्यालाही बरं पडतं.

पूर्ण जाळी कुठे शोभते? मोबाइलपासून मिक्सरपर्यंतच्या छोट्या केबलला, दोन-तीन वायरी एकत्र बांधायच्या तिथे, आणि घरात एका जागी राहणाऱ्या सिस्टीमला.

हिशेब

फुगली की स्लीव्हची लांबी कमी होते. आधी १ मीटर घेऊन चढवून बघा. समजा ८८ सेंटिमीटर भरली. तर २ मीटरच्या २० केबलांना, म्हणजे ४० मीटरला, ४० भागिले ०.८८, साधारण ४६ मीटर लागेल. भाव सांगताना हेच धरा आणि स्लीव्हचे पैसे बिलात वेगळे लिहा, म्हणजे नको असेल तो गिऱ्हाईक स्पष्ट सांगेल.

त्या ६ केबली आम्ही पैसे न घेता नव्याने करून दिल्या. मंडपवाला आजही आमच्याकडेच येतो. आता तो "जाळीवाली" म्हणाला की आम्ही आधी विचारतो, "दादा, केबल राहणार कुठे?"