हैदराबादची भूल

शस्त्रक्रियेपूर्वी 'भूल देणे' हा आपला रोजचा शब्दप्रयोग. क्लोरोफॉर्मच्या भुलीत रोगी दगावतो तो हृदय आधी थांबल्याने, की श्वास? एकोणिसाव्या शतकातील लंडन आणि एडिंबरो यांच्यातील हा वाद तपासला गेला तो हैदराबादेत. येथील मेडिकल स्कूल १८४६ चे, आरंभी उर्दूतून शिकवणारे. पुढे त्याचे प्रमुख झालेले शल्यविशारद एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या पठडीतले. १८८८ मध्ये त्यांनी निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्म आयोग नेमला. निष्कर्ष निघाला : श्वास आधी थांबतो, म्हणून नाडी नव्हे, श्वास पाहा.

'लॅन्सेट'ला हे पटेना. १८८९ च्या दुसऱ्या आयोगासाठी औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन लंडनहून आले. हृदयाचा पक्ष घेऊन आलेले ब्रंटन शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर लॉरींच्या बाजूचे झाले. (मत बदलणारा परीक्षक विरळाच!)

तरीही प्रश्न सुटला नव्हता. क्लोरोफॉर्मची मात्रा वाढत गेली तर श्वास आधी बंद पडतो, हे खरे. पण हलक्या भुलीतच हृदय अकस्मात फडफडून थांबू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. तोवर कित्येक डॉक्टर नाडीवरचे बोट काढून बसले होते.