शास्त्रीय संगीताचे सार्वजनिक प्रसारण : प्रयोजन आणि मर्यादा

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने शास्त्रीय संगीताचे प्रसारण कशासाठी करावे, हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि राज्यशास्त्राचाही आहे. ज्या कलेचे श्रोते संख्येने थोडे, तिच्यासाठी सर्वांच्या करातून खर्च का करावयाचा, असा आक्षेप घेतला जातो. भारतापुरते बोलावयाचे, तर या आक्षेपाचा विचार आकाशवाणीच्या इतिहासाच्या आधारे करणे सोयीचे होईल.

या इतिहासातील पहिले प्रयोजन आश्रयाचे होय. बडोदा, कोल्हापूर, ग्वाल्हेर, रामपूर, म्हैसूर आदी दरबारांनी गायकवादकांचा योगक्षेम पिढ्यान् पिढ्या चालविला होता. संस्थाने विलीन झाली आणि हा आधार तुटला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. १९६२ पर्यंत ते त्या पदावर होते. राजेरजवाड्यांचे कार्य आता लोकशाही राज्याने केले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंदाची स्थापना झाली आणि १९५४ पासून नभोवाणी संगीत संमेलने भरू लागली. मात्र दरबारी आश्रय आणि हा आश्रय यांत एक मूलभूत भेद आहे. दरबारातील मैफल निमंत्रितांपुरती असे. नभोवाणीची मैफल ज्याच्याजवळ यंत्र आहे त्या प्रत्येकाची झाली.

दुसरे प्रयोजन बाजाराच्या स्वरूपातून उद्भवते. जाहिरातदार श्रोत्यांची संख्या मोजतो. त्यांच्या अनुरागाची खोली मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. म्हणून जाहिरातीवर चालणारे केंद्र बहुसंख्यांच्या आवडीकडे झुकते, आणि गावोगाव विखुरलेले रसिक एकत्र मिळून मोठा समुदाय होत असले तरी त्यांची मागणी अव्यक्तच राहते. प्रसारणाचा खर्च तर आणखी एक श्रोता वाढल्याने वाढत नाही. एकाने ऐकल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, अशा वस्तूचा भार समाजाने सामायिकपणे उचलावा, हे अर्थशास्त्रात मान्य झालेले तत्त्व आहे.

तिसरे प्रयोजन कलेच्या घडणीशी निगडित आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या अवकाशात विलंबित ख्यालाची बढत होणे अशक्यच. अखिल भारतीय कार्यक्रमाने दीड तासाचा अवधी दिला. सकाळचे राग सकाळी आणि रात्रीचे रात्री ऐकविण्याची सोयही प्रसारणातच होती. घरात कोणी गाणारे नसलेल्या श्रोत्याचा कान अशा नित्य श्रवणाने तयार होतो. शिवाय जे ध्वनिमुद्रण जतन झाले, ते एखाद्या घराण्याची वा कंपनीची मालमत्ता न राहता राष्ट्राचा ठेवा झाले.

परंतु आश्रयदाता म्हटला की निवडीचा अधिकार आला, आणि येथेच या व्यवस्थेची खरी कसोटी लागते. १९४० मध्ये संवादिनीवर बंदी घालण्यात आली. या वाद्यात मींड निघत नाही आणि त्याचे स्वर भारतीय श्रुतींशी जुळत नाहीत, हा तिचा मुख्य आधार. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. एवढ्या काळात एका वाद्याचे वादक आपल्याच देशाच्या नभोवाणीला पारखे झाले. केसकरांच्या काळातील ध्वनिपरीक्षेविरुद्धही अनेक कलावंतांनी निषेध नोंदविला. याहून गंभीर गोष्ट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची होय. ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादास पात्र ठरते अशा गायिकांना केंद्रावर प्रवेश नसावा, असे धोरण तेव्हा स्वीकारले गेले. ठुमरी-दादऱ्याची परंपरा ज्या स्त्रियांनी जिवंत ठेवली, त्यांच्याच वर्गावर हा आघात होता. परंपरेचे रक्षण करावयास निघालेली संस्था त्या परंपरेच्या वाहकांनाच दूर सारू शकते, हे यावरून दिसते.

दुसरा धडा श्रोत्यांनी दिला. १९५२ नंतर चित्रपटगीतांचा वाटा आकाशवाणीवर घटताच श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीची स्थापना करावी लागली. अभिरुची सक्तीने घडत नाही; उत्तम वस्तू उपलब्ध करून देणे हे राज्याचे काम, अन्य वस्तू हिरावून घेणे हे नव्हे.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २६ जानेवारी २०१६ रोजी ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताला वाहिलेली स्वतंत्र वाहिनी सुरू करण्यात आली. आज आंतरजालावर ध्वनिमुद्रणे विपुल मिळतात. तेव्हा केवळ उपलब्धतेचे प्रयोजन दुबळे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु विपुलतेतून निवड करणे, नाव न झालेल्या कलावंतास मानधन देऊन श्रोत्यांसमोर आणणे आणि ठेव्याचे जतन करणे ही कामे विपुलतेने आपोआप होत नाहीत. ती करावयाची, तर निवडीचे निकष उघड असले पाहिजेत आणि त्यांस आव्हान देण्याची सोय कलावंतास असली पाहिजे. दरबाराला आपल्या पसंतीची कारणे सांगावी लागत नसत. सार्वजनिक पैशाने दिलेल्या आश्रयाला ती सांगावीच लागतात.