आज्ञा फसली, तर पुढे काय?

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला, समुद्राच्या अंगाला, दारुखाना आहे. तेथल्या किनाऱ्यावर जुनी जहाजे मोडण्याचा धंदा कित्येक वर्षे चालला. या कामाला एक क्रम असतो. टाकीतले उरलेसुरले तेल उपसायचे, टाकी धुवायची, आत पेट घेणारा वायू उरला नाही याची तपासणी करून दाखला घ्यायचा, आणि मगच गॅस-कटरवाल्याने ज्योत पेटवायची. तपासणी नापास झाली, पण कामाच्या यादीत पुढची ओळ 'ज्योत पेटवणे' अशी आहे म्हणून कोणी ती पेटवली, तर काय अनर्थ होईल हे श्रोत्यांना सांगावयास नको. क्रम बरोबर असणे ही निम्मी गोष्ट झाली. आधीची पायरी फसली असता पुढची न चढणे, ही उरलेली निम्मी.

आमचा आजचा विषय संगणकाचा आहे, पण प्रश्न हाच आहे. आपण संगणकावर जे पॅकेज बसवतो, ते आधी कोणीतरी बांधलेले असते. या बांधणीच्या आज्ञा ओळीने एका कागदावर लिहिलेल्या असतात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. मूळ मजकूर उलगडा, दुरुस्त्या लावा, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करा, चाचणी घ्या, गठ्ठा बांधा, असा तिचा ओघ असतो. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम फत्ते. दुसरा कोणताही आकडा म्हणजे काम फसले.

आता गंमत पाहा. लिनक्स-युनिक्स घराण्यात या आज्ञा वाचून चालवणारा जो शेल नावाचा मुकादम आहे, त्याला मुद्दाम सांगितले नाही तर तो हा आकडा ऐकतो आणि सोडून देतो. चाचणी फसली तरी तो गठ्ठा बांधतोच. शेवटची आज्ञा साधली, की सारे काम साधले असा त्याचा हिशेब. बेल प्रयोगशाळेत 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे बांधणीचे साधन केले; ते मात्र आज्ञा फसताच थांबते. शेललाही तशी शिस्त लावता येते. स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट -ई' लिहिले, की पहिल्या अपयशाला तो काम बंद करतो. डेबियन या प्रकल्पाच्या नियमावलीत पॅकेजबरोबरच्या शेल-स्क्रिप्टांना हीच शिफारस आहे.

पण एक ओळ लिहून निश्चिंत होता येत नाही. समजा, बांधणीचा वृत्तांत जपून ठेवावा म्हणून 'मेक'चे सारे बोलणे नळीवाटे 'टी' नावाच्या टिपून घेणाऱ्या आज्ञेकडे सोडले. बांधणी कोसळली, पण टिपणाऱ्या कारकुनाने ती कशी कोसळली हे सुवाच्य अक्षरात टिपून घेतले! नळीचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. कारकून पास, म्हणून काम पास. यावर 'पाइपफेल' हा उपाय बॅश शेलमध्ये पुष्कळ वर्षे आहे, आणि 2024 सालच्या पॉझिक्स प्रमाणातही तो आला आहे. तसेच 'जर'च्या अटीत बसवलेली आज्ञा फसली, तर 'सेट -ई' तिकडे लक्ष देत नाही, कारण ते अपयश तपासण्यासाठीच विचारलेले असते.

फसल्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते, याचा दाखला जानेवारी 2015 मध्ये जगापुढे आला. लिनक्सवर खेळ चालवणाऱ्या 'स्टीम'च्या स्क्रिप्टमध्ये आधी आपल्या कप्प्यात जाऊन त्याचे नाव विचारायचे आणि एका प्रसंगी त्या नावाखालचे सर्व पुसायचे, अशी योजना होती. कप्पा जागेवर नसला की पहिली आज्ञा फसे आणि नाव कोरे राही. कोऱ्या नावापुढे तिरकी रेघ जोडली म्हणजे अर्थ होतो संगणकाचे मूळ, अर्थात सर्वस्व. एका वापरणाऱ्याच्या साऱ्या फायली, जोडलेल्या तबकडीवरच्या प्रतींसकट, गेल्या. त्या ओळीशेजारी लिहिणाऱ्याने 'भयंकर' अशा अर्थाचा शेराही ठेवला होता. शेरा लिहिला, नाव कोरे तर नाही ना, हे पाहणारी ओळ लिहिली नाही.

थांबल्यावरही एक काम उरते. अर्धवट तयार झालेली फाईल तशीच पडून राहिली, तर पुढच्या खेपेला 'मेक' तिची तारीख ताजी पाहून ती पुरी झाली असे समजतो. म्हणून ग्नू मेकमध्ये 'डिलीट ऑन एरर' अशी सूचना आहे; ती दिली की फसलेला माल तो स्वतःच टाकून देतो.

काही अपयशे क्षम्य असतात, हे आम्ही नाकारीत नाही. नसलेली फाईल पुसता आली नाही, तर बिघडले काय? तेथे 'चालू द्या' म्हणावे. मात्र त्या एकाच आज्ञेपुरते, आणि कारण शेजारी लिहून. सरसकट सारी अपयशे गिळणारी स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे आपली जोखीम अनोळखी माणसाच्या माथी मारणे होय. बंद पडलेली बांधणी बांधणाऱ्याची सकाळ खाते. खोटे शून्य सांगून पुरी झालेली बांधणी हजारो घरांत जाते, आणि तेथे ती फसली म्हणजे दोष कोठे होता हे शोधायला कोणालाच दिसत नाही.

आमच्या संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट धरून चाललो आहोत: धोका दिसताच काम थांबवणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, नाहीतर उद्या कोणी थांबवणारच नाही. आपली जी मुलेमुली आज संगणकाच्या कचेऱ्यांत बसतात, त्यांनाही हेच सांगणे आहे. वेळेची घाई झाली म्हणून वरून 'ती तपासणी काढून टाका' असा हुकूम आला, तर तपासणी काढण्याआधी ती कशापायी बोलते आहे हे विचारावे.